घरातली स्विफ्ट चपळ करताना: आधी टायर आणि ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी

आमची गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय व्हेरियंट. साताऱ्यात राहतो, गाव पोलादपूरच्या बाजूला. म्हणजे महिन्यातून दोनदा मेढा, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाट. गाडी तीन वर्षांची असताना तिच्यात दोन गोष्टी केल्या होत्या: बोनेटखाली उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याविना एअर फिल्टर) आणि मागे मोकळा सायलेन्सर. त्या दिवाळीत घाट उतरताना गाडीत पाच माणसं होती आणि डिकीत ज्वारीचं पोतं. कुंभरोशी मागे पडल्यावर एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पेडल स्पंजासारखं मऊ लागलं आणि थेट खाली गेलं. भराभर पंप करून थोडा दाब आला, सेकंड गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. मागच्या सीटवर आई होती. पाऊण तास आम्ही तिथेच बसून राहिलो.

कारण साधं होतं. ब्रेक ऑइल शोरूममधून आलं तेच होतं, तीन पावसाळे खाल्लेलं. पिकअप वाढवायला जो खर्च केला होता, त्याच्या एका लहानशा हिश्श्यात ते बदलून झालं असतं.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो आणि जो कोणी विचारतो त्याला तोच सांगतो. घरच्या हॅचबॅकला वेगवान करायचं म्हणजे आधी तिची रस्त्यावरची पकड आणि थांबण्याची ताकद वाढवायची. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी, आणि लागलाच तर. खालचे आकडे स्विफ्टचे आहेत, पण बलेनो, आय२०, टियागो, जुनी पोलो, कुठल्याही गाडीला क्रम हाच लागू पडतो.

पायरी १: आजची गाडी मोजून ठेवा

न मोजता बदल केला की कान फसवतात. सायलेन्सरचा आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. म्हणून पहिला पार्ट विकत घेण्याआधी एक वही करा.

सलग तीन टाक्या फुल टू फुल भरून अ‍ॅव्हरेज काढा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा धरू नका. मग एक सपाट, रिकामा, सरळ रस्ता निवडा आणि थर्ड गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या जीपीएस अ‍ॅपवर मोजा. शेजारी बसलेल्याने मोजायचं, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा मोजून सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशोब बरोबरीत सुटतो. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे जीपीएसच धरा. एसी बंद, टाकी अर्धी, माणसं तितकीच, वेळ सकाळची. सगळं लिहून ठेवा. पुढे एखाद्या बदलानंतर फरक पाव सेकंदाचा आला, तर तो बहुतेक मोजमापातलाच हेलकावा असतो.

एक ब्लूटूथ ओबीडी रीडरही घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, साठलेले फॉल्ट कोड दाखवतो. त्यात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. तो उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर इंधन आणि हवेचं गणित ठीक आहे. सतत त्याबाहेर राहत असेल तर कुठे हवा गळतेय, इंजेक्टर घाण झालाय किंवा एखादा सेन्सर थकलाय. तो दोष काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पायरी २: हरवलेली ताकद परत आणा

तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचं १,१९७ सीसी पेट्रोल इंजिन कंपनीकडून ८३ पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन येतं. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेली गाडी तेवढं देत असेलच असं नाही. ते परत मिळवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

एअर फिल्टर बदला. स्पार्क प्लग मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचेच घ्या, गॅप तपासून बसवा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून साफ करून घ्या. तिथे काळा थर साचला की गाडी आयडलला थरथरते आणि लो आरपीएमला अडखळते. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरा. ‘जाड ऑइल टाका, इंजिन टिकतं’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो, पण या इंजिनाच्या ऑइलच्या वाटा पातळ ऑइलसाठीच बनवलेल्या आहेत. जाड ऑइल पंपाला जड जातं आणि थंडीत सकाळी वर चढायला वेळ घेतं.

एक तपासणी क्वचितच कोणी करतं. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, गाडी उभी करा आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झालेली असते किंवा मागचे लायनर ड्रमला घासत असतात. आमच्या गाडीत डाव्या पुढच्या चाकाला हेच निघालं. पिना साफ करून ग्रीस लावल्यावर गाडी ‘मोकळी’ झाली ती जाणवण्याइतकी. पावसाळा संपला की हे दरवर्षी करावं, घाटमाथ्यावर आणि कोकणात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता वजन. या स्विफ्टचं रिकामं वजन ८५५ ते ८८० किलोच्या दरम्यान भरतं. ८७५ धरा. पाच माणसं आणि सामान मिळून ३७५ किलो चढले की गाडी झाली १,२५० किलोची, म्हणजे टनामागे ६६ पीएस. डिकीतून ५० किलो कमी केले तर टनामागे ६९. तोच फरक इंजिनातून काढायचा तर साडेतीन पीएस वाढवावे लागतील, आणि या इंजिनात साडेतीन पीएस कसे मिळतात आणि किती रुपयांना मिळतात ते पुढे येईलच. डिकीत वर्षभर पडलेला जुना जॅक, पाण्याचे कॅन, देवळातून आणलेल्या नारळांची पिशवी, क्रिकेटचं किट हे सगळं उतरवा. स्टेपनी, तिचा पाना आणि गाडीसोबत आलेला जॅक मात्र राहू द्या. टायर किटच्या भरवशावर आंबेनळीत जायचं नसतं.

पायरी ३: टायर, म्हणजे निम्मं काम

चार टायर मिळून रस्त्याला टेकतात ते चार तळहातांएवढ्या जागेवर. पिकअप, वळण, ब्रेक, सगळं त्या चार तळहातांतून जातं. बजेटचा सगळ्यात मोठा हिस्सा इथेच जावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन प्रकारचे आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी. तो दाब थंड टायरचा. हायवेवर तासभर चालल्यावर तो तीन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो. तेव्हा हवा कमी करायची नाही, सकाळी टायर पुन्हा थंड झाल्यावर तो कमी पडेल. पंक्चरवाल्याच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचं एक ठेवा.

मग वय. टायरच्या बाजूला चार अंकी कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ मधला तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली की कायद्यानेही टायर बाद, पण पावसात ३ मिमीखालीच पाणी कापायची ताकद कमी व्हायला लागते. नवीन घेतानाही कोड बघा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल आपल्या गळ्यात पडायला नको.

आता साइज. व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतो, त्याच गाडीच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. बाहेरचा व्यास अनुक्रमे ६१९.६ आणि ६२१.५ मिमी, म्हणजे जवळजवळ सारखाच. त्यामुळे स्पीडोमीटर, गिअरिंग, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काहीच बिघडत नाही. वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच जो साइज दिलाय तो घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग. विमा कंपनीशीही वाद होत नाही. मी हेच केलं. पहिल्याच पावसात पसरणीच्या वळणांवर स्टिअरिंग जे बोलायला लागलं, ते आधी कधीच ऐकलं नव्हतं.

१९५/६० आर१५ चा व्यास ६१५ मिमी आणि १९५/५५ आर१६ चा ६२०.९. कागदावर दोन्ही बसतात. पण सोळा इंची रिमवर टायरची भिंत १०७ मिमी उरते, मूळच्या १३२ ऐवजी. आपल्या रस्त्यांवर त्या अडीच सेंटिमीटरची किंमत रिम वाकण्यात आणि टायरला फुगा येण्यात मोजावी लागते. १९५ ने स्टिअरिंग थोडं जड होतं आणि अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. ८३ पीएसच्या गाडीला १८५ पुरेसा आहे. रुंदीपेक्षा चांगल्या कंपाऊंडच्या (रबराच्या मिश्रणाच्या) टायरवर पैसे घाला.

लोड इंडेक्स आणि स्पीड सिंबॉल मूळपेक्षा कमी नको. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०.

अलॉय घेत असाल तर दुकानात वजनकाटा मागा. अलॉय म्हणजे हलकं, हा समज बाजारातल्या स्वस्त रिम खोटा ठरवतात. कित्येक मूळच्या लोखंडी डिस्कपेक्षा जड निघतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं आणि वर फिरतंही, त्यामुळे तिथला एक किलो डिकीतल्या किलोपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार नट, आणि मधलं भोक ५४.१ मिमी. अलॉयचं भोक मोठं असेल तर मध्ये हब रिंग (फट भरणारी कडी) हवीच, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग चार वेळा करूनही जात नाही. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) मूळच्या जवळपासच ठेवा. बाहेर काढलेली चाकं दिसायला रुबाबदार, पण बेअरिंग खातात आणि चिखल दारावर उडवतात.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट. स्टिअरिंग सरळ आलं म्हणजे अलाइनमेंट झालं असं नाही. आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांचा टो (चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) सारखा आहे का ते स्वतः बघा. मागे टॉर्शन बीम आहे, तिथे ॲडजस्टमेंट नसते. मागचे आकडे बाहेर दिसले तर बीमला कधीतरी मार बसलाय हे समजून घ्या.

पायरी ४: ब्रेक

पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम. घरच्या वापराला ही रचना पुरते, तिची निगा राखली तर.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोरड्या डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून ऑइल त्या तापमानाला पोचलं की उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडे दाबले जातात, पॅड दाबले जात नाहीत. कुंभरोशीखाली आमच्या पेडलाला झालं ते हेच. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. पण डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं ऑइल आहे. ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच कुळातलं, नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगितलं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. चारही चाकांवरून जुनं काढून ब्लीडिंग करायचं, नुसती वरची टाकी रिकामी करून भरायची नाही. मेकॅनिकसमोर उभे राहा, चौथ्या चाकापर्यंत स्वच्छ ऑइल आलं की नाही ते पाइपातून दिसतं.

दोन बिघाडांतला फरक प्रत्येक चालकाला माहीत हवा. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून निकामी झालेत. पहिल्यावर इलाज नवीन ऑइल, दुसऱ्यावर चांगले पॅड. दोन्हीवर आधीचा इलाज म्हणजे ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरणं.

पॅड घेताना रेसिंगचे घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी शाळेत सोडायला निघालेल्या गाडीचे ब्रेक थंडच असतात. रस्त्यासाठी बनवलेले चांगल्या कंपनीचे पॅड घ्या. बसवल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्या: मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, असं दहा वेळा, दर वेळी मध्ये अर्धा मिनिट चालवत राहून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, गरम पॅडचा थर एकाच जागी डिस्कवर चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतं. मागचे ड्रम उघडून धूळ काढा, लायनर ॲडजस्ट करा. पेडलाचा वरचा पोकळ प्रवास यानेच कमी होतो.

स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप चांगले, पण माझ्या मते ते यादीत खाली येतात. मोठ्या डिस्कचं किट तर ८३ पीएसला नकोच. टायर पकड सोडतो तिथे एबीएस लागतो, आणि मूळचे ब्रेक तिथवर सहज पोचतात.

पायरी ५: सस्पेन्शन

साठ-सत्तर हजारांनंतर शॉकॲबसॉर्बर हळूहळू मरतात, इतके हळू की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन एका हेलकाव्यात थांबली तर ठीक. रॉडवर ऑइल ओघळलेलं दिसलं तर वाट बघू नका. शॉकॲबसॉर्बर बदलताना त्याच्या वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड एकदमच बघून घ्या. मजुरी एकदाच लागते आणि नव्या शॉकबरोबर जुने बुश लगेच वाजायला लागतात.

चांगल्या कंपनीचे, जरासे कडक डँपिंगचे शॉकॲबसॉर्बर आणि मूळच्याच स्प्रिंग, ही जोडी घरच्या गाडीला मी सगळ्यात उत्तम मानतो. गाडी वळणात कमी झुकते, मागच्या सीटवर पोटात ढवळत नाही. खरं तर माझी कसोटी तीच आहे. आई मागे बसून महाबळेश्वरपर्यंत उलटीची गोळी न घेता आली तर सस्पेन्शन जमलं.

गाडी खाली बसवायची हौस असेल तर आकडा लक्षात घ्या. ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. गावोगावचे गतिरोधक तो नियम वाचून बांधलेले नाहीत. पाच माणसं बसवून ३० मिमी खाली केलेली गाडी प्रत्येकावर पोट घासणार. स्प्रिंगचे वेढे कापणं तर कधीच करू नका. कापलेली स्प्रिंग चाक खाली लोंबलं की आपल्या बैठकीतून निसटू शकते, आणि ती निसटल्याचं कळतं ते नेमकं वळणात.

पायरी ६: कायदा आणि विमा, पुढचा खर्च करण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्याची कारवाई वेगळी, कलम १९० खाली.

व्यवहारात टायर, पॅड, ऑइल, शॉकॲबसॉर्बर ही झिजणाऱ्या भागांची बदली आहे, तिथे अडचण येत नाही. सायलेन्सर, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवणं यांची गोष्ट निराळी. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्वेअरला सापडला तर क्लेम अडकतो. घरची गाडी आहे, त्यात बसणारे घरचे आहेत. म्हणून एजंटला फोन न करता ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

पायरी ७: हवा आत, धूर बाहेर

उघडा कोन फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो. ३० अंशांच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. मे महिन्यात सोलापूर किंवा अकोल्याच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली ६० अंश सहज होतात. कंपनीचा एअर बॉक्स पुढच्या बाजूने थंड हवा घेतो, त्याला इंजिनीअरने मेहनतीने जागा दिलेली असते. मी माझा कोन काढला, मूळ बॉक्स परत लावला आणि थर्ड गिअरचा वेळ सुधारला. त्याच बॉक्समध्ये बसणारा, धुऊन वापरता येणारा फिल्टर घेतला तर चालेल, पण पिकअपसाठी नको, वारंवार विकत घ्यायला लागू नये म्हणून. तेल लावायचा प्रकार असेल तर तेल अगदी हलक्या हाताने.

इथेच एक गोष्ट सांगतो, कारण महाबळेश्वरला गेलेले कित्येक जण ‘गाडी वर ओढत नाही’ म्हणून गॅरेज गाठतात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. गाडीत दोष नसतो. एक गिअर खाली घ्या.

मोकळ्या सायलेन्सरने या इंजिनात आवाजाखेरीज फारसं काही हाती लागत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाका असं कोणी सुचवलं तर त्या गॅरेजमधून बाहेर पडा. तो कायद्याने लागतो, आणि त्याच्याविना निघणारा धूर आपल्याच गल्लीतली मुलं घेतात. मी माझा मूळ सायलेन्सर माळ्यावर जपून ठेवला होता, म्हणून परत बसवता आला. काढलेला कुठलाही मूळ पार्ट विकू नका.

ॲक्सिलरेटर पेडलला जोडायचा ‘थ्रॉटल बूस्टर’ नावाचा डबाही बाजारात मिळतो. तो फक्त पेडलाचा सिग्नल वाढवून पाठवतो, म्हणजे निम्मं दाबलं की पाऊण उघडतं. ताकद तेवढीच राहते. ते पैसे टायरला ठेवा.

पायरी ८: रीमॅप, कोणी करावा आणि कोणी नाही

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा सॉफ्टवेअरने वाढत नाही. प्रज्वलनाची वेळ आणि इंधन थोडं इकडेतिकडे करून दोन ते पाच पीएस निघतात, पेडलाचा प्रतिसाद तरतरीत होतो, एवढंच. त्यासाठी जी रक्कम मागतात त्यात चार चांगले टायर किंवा शॉकॲबसॉर्बरचा सेट येतो. मी स्विफ्ट रीमॅप केली नाही आणि करणार नाही.

टर्बो गाडीची गोष्ट खरोखर वेगळी. टर्बोचा दाब सॉफ्टवेअरच्या हातात असतो, त्यामुळे २० ते ३० टक्के वाढ शक्य होते. पोलोचं १.० टीएसआय ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटरचं, जुनी डिझेल स्विफ्ट ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरची. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण सेकंडहँड बाजारात त्या डिझेल गाड्या आजही दिसतात. अशी गाडी असेल आणि पहिल्या पाच पायऱ्या झाल्या असतील, तर पुढे जा, पण या क्रमाने.

आधी क्लच तपासा. फोर्थ गिअरमध्ये ५० ला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला आणि आरपीएम चढले पण वेग चढला नाही, तर क्लच आत्ताच घसरतोय. वाढलेला टॉर्क त्याला आठवड्यात संपवेल. मग ज्याच्याकडे डायनो (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणारं यंत्र) आहे त्याच्याकडेच जा. एकाच डायनोवर, एकाच दिवशी, आधी आणि नंतर अशा दोन्ही रन घ्या. चाकावरची ताकद आणि इंजिनावरची ताकद यांची सरमिसळ केलेला ग्राफ स्वीकारू नका. इंजिन नॉक करतंय का (इंधन अवेळी पेटून ठोके बसतायत का) याचा लॉग मागा. इंजिनाच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलची प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं तर तुमचा मॅप पुसला जातो, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीची वॉरंटी जाऊ शकते हेही धरून चला.

पेट्रोल टर्बोवाल्यांनी इंधनाचंही विचारावं. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, २० टक्के इथेनॉलला साधारण १३.५ ला १. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते. म्हणून परदेशातल्या इंधनावर बनवलेली तयार फाइल आपल्या गाडीत जशीच्या तशी टाकणारा ट्यूनर टाळा. तुम्ही रोज जिथे भरता त्याच पंपाचं पेट्रोल टाकीत असताना मॅप करून घ्या.

पायरी ९: काम झाल्यानंतरचे हजार किलोमीटर

चाकं काढून लावली असतील तर शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. नवे टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गुळगुळीत असतात, पावसात जपून. पाचशेला ब्रेक ऑइलची पातळी आणि शॉकॲबसॉर्बरचे बोल्ट बघा. हजारला अलाइनमेंट पुन्हा तपासा, नवे बुश बसल्यावर आकडे थोडे हलतात.

मग वही काढा आणि पायरी १ मधली मोजमापं त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, तेवढ्याच माणसांसह पुन्हा घ्या. त्यात एक नवी ओळ जोडा: ६० वरून शून्यावर यायला किती अंतर लागतं. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, कडेच्या दगडापाशी ब्रेक दाबायचा आणि थांबल्यावर पावलांनी मोजायचं.

खरोखर जोरात चालवायचं असेल तर कोल्हापुरात कार्टिंग ट्रॅक आहे, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे हा रेसिंग ट्रॅक आहे. कार्टमध्ये काढलेला एक दिवस गाडीचं वजन कसं सरकतं, ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची हे जेवढं शिकवतो तेवढं कुठलाही पार्ट शिकवत नाही.

आमच्या गाडीत आता १८५ चे टायर, नवे शॉकॲबसॉर्बर, डॉट ४ ऑइल, चांगले पॅड आणि कंपनीचाच एअर बॉक्स आहे. इंजिन ८३ पीएसचं, जसं आलं तसं. गेल्या मे महिन्यात गावाहून आंब्याच्या चार पेट्या घेऊन आंबेनळी चढलो. जाताना उतरलो होतो तेव्हा कुंभरोशीच्या त्याच वळणाआधी ब्रेक दाबला होता, पेडल वरच्या वरच घट्ट लागलं. मागे आई झोपली होती.